परत करून दाखव

जिन्याखालून बाबाचं हसू वर आलं तेव्हा नेत्राच्या हातात श्रीखंडाच्या वाट्यांची चळत होती. ती खाली ठेवायची की धरून राहायचं, हेच तिला सुचेना. बाबाचं ते हसू, म्हणजे खरं हसू, आधी ऐकूच येत नाही. आधी नुसते खांदे हलतात, मान खाली जाते, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर येतो. मग कुकरची शिट्टी होणार, होणार म्हणून सगळं स्वयंपाकघर थांबावं आणि ती होऊच नये, तसा एक लांबलचक हवेचा आवाज. आणि मग एकदम उचकी. उचकीनंतर डोळे पुसत "अगं आई गं". वरपर्यंत फक्त हवा आणि उचकी पोचली होती, पण खांदे आणि चष्मा नेत्रानं मनातल्या मनात भरून काढले, इतकी तिला त्यांची सवय होती. बाबाकडे बाकीचीही हसू होती. ऑफिसच्या फोनवरचं एक, दाराशी पाहुण्यांना निरोप देतानाचं एक, आई टोमणा मारते तेव्हाचं ओठ मिटलेलं एक. ती सगळी कुणीही न्यावीत, तिची ना नव्हती. पण हे कुकरचं हसू तिचं होतं. तिनंच ते शोधून काढलं होतं, लहानपणी, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं ते कसं काढायचं याची युक्ती घरात तिला एकटीला येत होती. आणि आत्ता खाली बेसमेंटमध्ये बाबाबरोबर फक्त हिमानी होती.

"वाट्या दे ना इकडे," आई म्हणाली. "पुतळा का झालाय तुझा?"

"कमिंग," असं म्हणून नेत्रानं वाट्या ओट्यावर ठेवल्या आणि ती उलट्या दिशेनं, जिन्याकडे गेली. ओट्याशी उभ्या असलेल्या रुपालीकाकू कौतुकानं म्हणाल्या, "आमची हिमानी तर खालीच रमली, सुवर्णाताई. यतीनभाऊंशी काय गट्टी जमली तिची!" गट्टी. नेत्रानं तो शब्द पायरी-पायरीवर चावत खाली नेला.

हिमानी ही रुपालीकाकू आणि प्रतापकाकांची मुलगी, नेत्राच्याच वयाची. प्रतापकाका बाबाच्याच टीममध्ये, हिवाळ्यात नागपूरहून इथे, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आले, आणि बाबाही मूळचा नागपूरचाच म्हटल्यावर दर शनिवारी एकमेकांकडे जेवणं सुरू झाली. शाळेतला लॉकर कसा उघडायचा हे हिमानीला नेत्रानंच शिकवलं होतं. कॅफेटेरियात कुठल्या टेबलाशी बसायचं, बर्फात मान वर करून चालायचं नाही, सगळं. तेव्हा नेत्राला किती बरं वाटलं होतं! याच वर्षी तिच्या दातांची तार निघाली होती, याच वर्षी तिनं वर्गासमोर उभं राहून पाय न कापता भाषण केलं होतं, आणि कुणीतरी आपल्याकडून शिकतंय, आपल्यामागून चालतंय, याची तिला एक नवीच ऐट आली होती. मागून चालणारी मुलगी चालता चालता घरात येईल आणि सोफ्यावर आपल्याच जागी, त्या बसक्या उशीच्या खळग्यात बसेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

हिमानी त्या खळग्यातच बसली होती. हातात नेत्राचा कंट्रोलर. समोर टीव्हीवर नेत्रा-बाबाचा नेहमीचा व्हिडिओ गेम, बेटावरच्या मेंढपाळाचा, इतका जुना की त्यातल्या ढगांचे कोपरे दिसतात. नेत्राला आणि बाबाला त्या बेटाचा इंच न् इंच ठाऊक होता, निदान तिला तसं वाटत होतं. पण पडद्यावर जे चाललं होतं ते तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. मेंढपाळ बाकावर बसला होता, फक्त बाक नव्हता. मांड्या आडव्या, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, असा हवेत बसल्या बसल्या तो बेटावरून सरकत चालला होता. गवतावरून, नदीवरून, चर्चच्या भिंतीवरून सरळ वर, आणि मागे त्याच्या मेंढ्या निमूट. बाकावर बसायचं आणि त्याच क्षणी घंटेची दोरी ओढायची, मग हे होतं, असं हिमानीला आपोआप सापडलं होतं.

"हा तर झेडपीतला क्लार्क झाला नं काका!" हिमानी म्हणाली. "नदी आली तरी खुर्ची सोडून नाही राहिला!"

"काहून सोडंल तो?" बाबा म्हणाला. "पेन्शन जाईल त्याची!" आणि परत कुकर.

काहून. नेत्रा शेवटच्या पायरीवर थांबली. हा शब्द बाबाच्या तोंडात असतो हे तिला माहीतच नव्हतं. आवाजही वेगळाच, जरा चढा, सैल, शर्टाचं वरचं बटण काढल्यासारखा. इतकी वर्षं हा आवाज कुठे ठेवला होता यानं? आईशी पुण्यासारखं बोलतो, ऑफिसशी अमेरिकेसारखं, माझ्याशी अर्धंअर्धं. आणि ही नागपूरहून काल आलेली मुलगी कपाट उघडून तो घडी घातलेला आवाज बाहेर काढते काय, आणि तो अंगाला बसतो काय.

"झेडपी म्हणजे?" नेत्रानं विचारलं.

"अरे, आलीस? बघ बघ, हिमानीनं काय शोधलंय! झेडपी म्हणजे जिल्हा परिषद गं. म्हणजे लाइक... काउंटी ऑफिस. तिथे कसं असतं, एकदा माणूस खुर्चीत बसला की..." बाबाचा हात हवेत गोल फिरला. तो समजावत होता आणि समजावता समजावता त्याच्या चेहऱ्यावरचं हसू थंड होत होतं, चहावर साय धरते तसं. नेत्राला दिसत होतं की हे आपल्यामुळे होतंय. मग तो हिमानीकडे वळला आणि म्हणाला, "परत करून दाखव."

तेवढं म्हणायला नको होतं त्यानं. ते तीन शब्द तर हसण्याहूनही तिचे होते. बाबाची नोकरीच मुळी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची. दिवसभर तो बटणं चुकीच्या क्रमानं दाबतो आणि काय मोडतं ते बघतो. त्याचा नियम एकच, एकदा झालेली चूक ही चूक नव्हे, तो भास. परत करून दाखवता आली तरच ती खरी. नेत्रा अगदी लहान असताना, म्हणजे ते अपार्टमेंटमध्ये राहत होते तेव्हा, आईला व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती आणि ती खिडकीशी बसून पार्किंग लॉटमधल्या बर्फाकडे बघत राहायची, आणि बाबा ऑफिसमधून यायचा तो ऑफिस डोक्यात घेऊनच. रडून, हट्ट करून, अंगावर चढून काही उपयोग व्हायचा नाही. तो "हं, हं" म्हणायचा. मग एका संध्याकाळी या खेळात नेत्रानं मेंढपाळाला चर्चच्या कोपऱ्यात दाबत दाबत नेलं आणि फरशीतून एक मासा बाहेर आला. जमिनीतून मासा, गंभीर तोंडानं पोहत पोहत, वेदीपर्यंत गेला आणि भिंतीत शिरला. "बाबा, फिश!" बाबानं मान वर केली. कोट अजून अंगात होता. "परत करून दाखव," तो म्हणाला. तिनं दाखवलं. मासा परत आला. आणि तेव्हा पहिल्यांदा, पार्किंग लॉटमध्ये बर्फ पडत असताना, ती हवा, ती उचकी. आईनंसुद्धा खिडकीकडून मान वळवली. घर एका माशामुळे उजळू शकतं, हे नेत्राला त्या दिवशी कळलं. त्यानंतर ती फक्त मासे शोधत राहिली. खेळात आणि खेळाबाहेरही. ऑफिसच्या तळ्याजवळचं ते बदक, जे गाडीच्या चकचकीत चाकातल्या आपल्याच तोंडाशी तासन्तास भांडायचं. तीन नाकांची स्ट्रॉबेरी. हॅलोविननंतर अंगणात राहिलेला आंबलेला भोपळा खाऊन झिंगलेली खार, जिला झाडावर चढता येईना आणि जी ते कुणाला कळू नये म्हणून इकडेतिकडे बघत होती. बाबा म्हणायचा, "वरच्यानं टेस्टिंग न करताच रिलीज केलंय गं सगळं." आणि नेत्राला वाटायचं, वरचा आहे, खाली आपण दोघं आहोत, आणि हा जगाचा धंदा असाच चालणार.

म्हणूनच त्या शनिवारी जेवणानंतर, श्रीखंडाच्या वाट्या फिरत असताना, ती एकदम मोठ्यानं बोलली. बायॉलॉजीच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं ते तिला खरं तर बाबाला एकट्याला सांगायचं होतं, नीट वेळ साधून. पण हिमानी त्याच्या शेजारी बसून अजून मेंढपाळासारखी ताठ सरकून दाखवत होती. "सिकाडा येणार आहेत," नेत्रा म्हणाली. "या महिन्यात. सतरा वर्षं जमिनीखाली बसतात आणि मग सगळे एकदम, सेम टाइमला, बाहेर येतात."

"म्हणजे रातकिडे?" प्रतापकाका म्हणाले.

"नाही काका, हे मोठे. लाल डोळ्यांचे. सतरा वर्षं मोजतात. विदाउट कॅलेंडर. झाडावर चढतात, कातडं सोडतात, ओरडतात, आणि थोड्या दिवसांत मरतात. बस."

"सतरा वर्षं मुलाखतीची तयारी आणि नोकरी महिनाभराची," बाबा म्हणाला. डोळे चमकले होते. नेत्राला ती चमक अंगावर ऊन पडावं तशी जाणवली, आणि त्या उन्हात तिचा तोल गेला. "आपल्या अंगणात येणार आहेत," ती म्हणाली. "आपल्या झाडाखाली. सगळ्यांनी यायचं बघायला. मी दाखवणार."

"वा!" बाबा म्हणाला. "ठरलं तर. खुर्च्या टाकू."

मे महिना सरत आला तेव्हा त्यांच्या अंगणात काहीही झालं नाही. झालं ते हिमानीच्या घरी. प्रतापकाकांचं भाड्याचं घर शॉमबर्गच्या जुन्या वस्तीत, चर्चच्या मागे. गळके नळ, करकरणारे जिने, आणि पाठीमागे ओकची झाडं, इतकी जुनी की रुपालीकाकू आल्या आल्या म्हणाल्या होत्या, यांच्यामुळे घरात उजेडच येत नाही. संध्याकाळी फोन वाजला, नेत्रानंच घेतला, आणि पलीकडून हिमानी किंचाळली, "नेत्रा, निघाले! भिंतीवर, बुटांवर, बाबांच्या गाडीवर! काकांना दे नं फोन, काकांना दे!" नेत्रानं फोन दिला. बाबा भाजी चिरत होता, तो सुरी तशीच ठेवून चपला घालायला लागला. "चल, चल!" "होमवर्क आहे," नेत्रा म्हणाली. तो दाराशी क्षणभर थांबला, तिच्याकडे पाहिलं, आणि गेला. परत आला तेव्हा त्याच्या स्वेटरला पाठीवर एक रिकामं कवच चिकटलेलं होतं, तपकिरी, पारदर्शक, पाठीवर चीर गेलेलं, सहा पायांनी लोकर घट्ट धरून बसलेलं. त्याला ते माहीत नव्हतं. तो आईला हातवारे करून सांगत होता, एक तर उलटा बाहेर आला गं, अर्धा कातड्यात, अर्धा बाहेर, आणि हिमानी म्हणते, काका, याला स्वेटर काढताना मान अडकली! नेत्रा जेवणाच्या टेबलाशी वहीवर डोकं घालून बसली होती. कवच तिनं त्याच्या पाठीवरून काढलं नाही. ते दुसऱ्याच्या घरचं होतं.

मग वाट बघणं सुरू झालं. बाबानं खरंच खुर्च्या टाकल्या. रोज संध्याकाळी मागच्या अंगणात झाडासमोर दोन, आणि एखादी कधी आईसाठी. नेत्रा गुडघ्यांवर बसून गवत चाचपायची. "आपले उशिरा निघतील," ती म्हणायची, "जमीन थंड आहे इथली." "असेल," बाबा म्हणायचा. तो ऑफिसचे बूटही न काढता बसायचा, गार चहा प्यायचा. लांबून, वारा त्या बाजूचा असला की, जुन्या वस्तीतल्या ओरडण्याचा आवाज यायचा, हजार सायकलींच्या चाकांत कागद अडकल्यासारखा. नेत्राला तो आवाज हिमानीच काढतेय असं वाटायचं. रात्री पडल्या पडल्या ती मनातल्या मनात जमिनीखाली जायची, ओल्या अंधारात, आणि तिथे बसलेल्या आपल्या वाटच्या सिकाडांना म्हणायची, चला ना. प्लीज. फक्त थोडे. मी सांगून बसलेय सगळ्यांना. हिमानीला काय फरक पडतो? तिच्याकडे नागपूर आहे, झेडपी आहे, काहून आहे. माझ्याकडे एक मासा होता आणि तोही आता जुना झाला.

फ्रिजवर एक फोटो होता. तो इतकी वर्षं तिथे होता की आता कुणी त्याच्याकडे बघत नसे, दूध काढताना हात त्याच्यावरून जायचा. घराचा ताबा मिळाला त्या दिवशीचा. बाबा, आई आणि छोटी नेत्रा नव्या कोऱ्या घरासमोर, तिघांचे बूट चिखलात. बाबाला नवंच घर हवं होतं, कुणी न वापरलेलं. आधीच्या कुणाच्या मसाल्याचा किंवा कुत्र्याचा वास नको. शॉमबर्गच्या पश्चिमेला मक्याची शेतं सपाट करून ही नवी वसाहत उभी राहिली, तिथे सगळेच नवे होते, म्हणून ती जमीनही आपल्याबरोबरच सुरू झाली असं तिथल्या सगळ्यांनाच वाटायचं. एक दिवस दुधाचा कॅन हातात घेऊन नेत्रा त्या फोटोसमोर उभी राहिली ती राहिलीच. फोटोत मागे एक ट्रक होता. ट्रकवर आडवं घातलेलं, मुळांना गोणपाट बांधलेलं, त्यांचं झाड. सिकाडा सतरा वर्षांपूर्वी झाडाच्या फांदीतून पडून मातीत गेलेले असतात, सरांनी सांगितलं होतं. इथे सतरा वर्षांपूर्वी मका होता. मग बुलडोझर. मग ती. जमिनीखाली कुणीही नव्हतं. कधीच नव्हतं. ती इतके दिवस रिकाम्या घराचं दार वाजवत होती.

दूध उतू गेल्यासारखं तिच्या आत काहीतरी वर आलं आणि ते रडू नव्हतं. शनिवारी प्रतापकाकांकडचे जेवायला येणार होते, आणि शाळा सुटल्यावर हिमानी बसपाशी म्हणाली होती, "तुमच्याकडचे निघाले का गं? आमच्याकडे नुसता कहर आहे. हवे असतील तर घेऊन जा नं!" हे ती चांगल्या मनानं म्हणाली होती, आणि तेच तर सहन होण्यासारखं नव्हतं.

त्या वर्षी हापूस पहिल्यांदाच अमेरिकेत आला होता. शिकागोच्या देशी बाजारात, डेव्हन ॲव्हेन्यूवर रांगेत उभं राहून बाबानं एक पेटी आणली होती, आणि आंबे संपले तरी रिकामी पेटी टाकू देत नव्हता. गराजमध्ये ठेवून येता-जाता तिचा वास घ्यायचा. पुठ्ठ्याची, बाजूंना हवेसाठी भोकं असलेली. आत प्रत्येक आंब्याला घातलेल्या पांढऱ्या फोमच्या जाळ्या अजून पडलेल्या होत्या. शुक्रवारी दुपारी नेत्रानं ती पेटी सायकलला मागे बांधली आणि ती चर्चच्या मागच्या ओकांकडे गेली, रस्त्याच्या बाजूनं, हिमानीच्या खिडकीतून दिसणार नाही अशी. सिकाडा धरणं अगदीच सोपं होतं. ते पळत नाहीत. त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. बोटांनी उचलावे तसे ते उचलले गेले, लाल डोळ्यांनी तिच्याकडे न बघता बघत, आणि पेटीत गेल्यावर सगळ्यांनी मिळून असा काही आरडाओरडा केला की परतीच्या रस्त्यावर प्रत्येक सिग्नलला गाड्यांच्या काचा खाली झाल्या. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, हनी, तुझी पेटी ठीक आहे ना? "मँगोज," नेत्रा म्हणाली, आणि पुढच्या वळणावर तिला इतकं हसू आलं की सायकल थांबवावी लागली. हे बाबाला सांगायला हवं होतं. हे तर माशाच्या तोडीचं होतं. आणि नेमकं हेच त्याला सांगता येणार नव्हतं. ती एक पाय फूटपाथवर टेकून उभी राहिली, मागे आंब्याची पेटी बोंबलत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादी गंमत तिच्या एकटीच्या घशात अडकली.

शनिवारी संध्याकाळी सगळे अंगणात आले. बारकंसं झाड, अजूनही काठीला दोरीनं बांधलेलं, आणि त्याच्यावर सिकाडा. पुष्कळसे उडून गेले होते, पण जे होते ते ओरडत होते. "आले की!" प्रतापकाकांनी टाळी वाजवली. "बघा सुवर्णाताई, पोरीनं शब्द खरा केला." आईनं नेत्राकडे भुवई वर करून पाहिलं. बाबा पुढे झाला. नेत्राला त्याची ती चाल माहीत होती, हळू, हात पाठीमागे, ऑफिसमध्ये तो असाच चालत असणार. त्यानं खोड बघितलं. खोडावर एकही कवच नव्हतं. तो वाकला, गवत बाजूला केलं. जमिनीत एकही भोक नव्हतं, ज्यातून कुणी वर यावं. मग त्यानं एका फांदीवरून एक सिकाडा अलगद उचलला आणि चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरला. त्याच्या मागच्या पायात पांढरा फोमचा एक धागा अडकला होता. बाबानं तो सिकाडा नाकाशी नेला. वास घेतला.

 तेवढ्यात हिमानी पटकन म्हणाली, "आमच्याकडून उडत आले असतील नं काका. वारा केवढा आहे." आणि तिनं नेत्राकडे पाहिलं, आणि नेत्राला कळलं की हिमानीला सगळं कळलंय, कदाचित शुक्रवारीच खिडकीतून, आणि ती तिला वाचवतेय. नेत्राचे कान तापले. हसू घेतलंस, आवाज घेतलास, उशीतला खळगा घेतलास, आता वर दयापण तूच करणार? नको. तुझ्या हातचं वाचणं नको.

"उडत नाही आले," ती म्हणाली. "मी आणले. आंब्याच्या पेटीतून. सायकलवरून. ते सगळ्या रस्त्यानं ओरडत होते आणि मी लोकांना मँगोज म्हणून सांगितलं. आपल्या जमिनीत सिकाडा नाहीतच बाबा. इथे मका होता."

"माहितीय मला," बाबा म्हणाला.

"काय?"

"पहिल्याच दिवशी लक्षात आलं. झाड आपणच नाही का आणलं ट्रकमधून?"

"मग खुर्च्या कशाला टाकत होतास रोज?"

बाबानं खांदे उडवले. "बघत होतो, तू काय करतेस." तो सिकाडाच्या पायातला फोमचा धागा नखानं सोडवत होता, फार हळूहळू, जणू सगळ्या अंगणात दुसरं काही कामच नव्हतं. मग वर न बघता म्हणाला, "पण ही काही खरी चूक नव्हे नेत्रा. ही तू घडवलेली. खरी असेल तर परत करून दाखव."

नेत्रा झाडाकडे बघत होती. त्याच्या हाताशेजारच्याच फांदीवर एक मादी बसली होती, पोटाखालून सुईसारखं काहीतरी काढून तिनं कोवळ्या सालीत घुसवलं होतं, आणि ती जरा पुढे सरकून परत तेच करत होती, शिवणाच्या मशीनसारखी, एकामागून एक टाके. सरांनी ह्याचंही चित्र दाखवलं होतं. नेत्राला आधी ते नुसतं दिसलं, मग समजलं, आणि समजल्यावर तिच्या पायांपासून डोक्यापर्यंत काहीतरी उभं राहिलं.

"दाखवते," ती म्हणाली. "ती बघ. अंडी घालतेय. पिल्लं खाली पडणार, इथे, आपल्या मातीत जाणार, आणि सतरा वर्षांनी इथूनच वर येणार. खरी. भोकंबिकं पाडून. तेवढं थांब फक्त."

बाबानं फांदीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आधी काहीच झालं नाही. मग खांदे हलले. मान खाली गेली. चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर आला आणि तिथून सरळ गवतात पडला, आणि तो न उचलता बाबा तसाच वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, हवा सोडत राहिला, सोडत राहिला, इतका वेळ की रुपालीकाकू घाबरून म्हणाल्या, पाणी आणू का हो. आणि मग उचकी. "सतरा वर्षं!" तो डोळे पुसत म्हणाला. "अगं आई गं. माझ्या अख्ख्या करिअरमध्ये कुणी एवढी मुदत नाही मागितली!" सगळेच हसत होते. हिमानी तर गवतात बसली होती पोट धरून, आणि म्हणत होती, "मीपण येईन हं सतरा वर्षांनी! मला बोलवायचं!" बोलवीन, नेत्रा म्हणाली, आणि मनात म्हणाली, बघू.

जुलैत झाडाच्या फांद्यांचे शेंडे तपकिरी पडले. वसाहतीच्या ऑफिसातून फोन आला की तुमच्या झाडाला रोग दिसतोय, कापून घ्या, आणि बाबा आपलं फोनवरचं हसू हसत म्हणाला, नो, नो, इट्स प्लॅन्ड. ओरडणं केव्हाच थांबलं होतं. हिमानी दर शनिवारी येतच होती आणि मेंढपाळ बसल्या बसल्या बेटभर फिरतच होता. बाबा त्याला हसायचा, आणि ती हवा जिन्यानं वर यायची तेव्हा नेत्रा अजूनही वाट्या धरून थांबायची, पण आता त्या खाली ठेवून जायची आणि हिमानीला म्हणायची, सरक तिकडे. एका दुपारी घरात कुणी नसताना ती अनवाणी अंगणात गेली. वाळलेल्या शेंड्यांतून, डोळ्यांना दिसतील न दिसतील असे, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक पांढरे ठिपके खाली पडत होते. गवतावर पडायचे आणि क्षणात नाहीसे व्हायचे. खाली. चालले ते. सतरा वर्षं. तेव्हा ती बत्तीस वर्षांची असेल, कुठे असेल कोण जाणे. बाबा म्हणतो, ग्रीन कार्ड आलं तर ठीक, नाही तर नागपूर आहेच. हे घर विकलेलं असेल. दुसरेच कुणी राहत असतील, झाड चांगलं उंच झालं असेल, आणि एका संध्याकाळी त्यांची मुलगी धावत आत जाऊन ओरडेल, डॅड, कम सी, कम सी! आणि तिचा बाप येईल, आणि जमिनीतून येणारे ते लाल डोळे बघून हसेल, त्याचं जे काही खरं हसू असेल ते. आणि त्या मुलीला वाटेल, हे माझं. मी शोधलं.

नेत्राला त्या अजून जन्मालाही न आलेल्या मुलीचा असा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. ती उकिडवी बसली, तोंड गवताला लागेल इतकी वाकली. माती ऊनऊन होती, तिला कसलाच वास नव्हता, आंब्याचाही नाही. आत त्यांनी मोजायला सुरुवात केलेली असणार.

"परत करून दाखवा," ती त्यांना म्हणाली. "आणि तिला सांगा, आधी मी."